विदूषकाची सनद

संस्कृत नाटकातील विदूषक जन्माने ब्राह्मण, राजाचा जिवलग सखा, आणि तरीही तो बोलतो प्राकृतात. दरबाराची भाषा ज्याच्या तोंडी नाही, त्यालाच दरबाराची थट्टा करण्याची मुभा होती. केरळच्या कुटियाट्टमने ही सनद सर्वाधिक निष्ठेने जपली. तिथला विदूषक नायकाच्या संस्कृत श्लोकांची मल्याळममध्ये विडंबने करतो आणि धर्म, अर्थ, काम, मोक्ष या पुरुषार्थांच्या जागी अशन, विनोद, वंचन आणि राजसेवा यांचे साग्रसंगीत निरूपण करतो. समोर बसलेल्या प्रतिष्ठितांनी त्याला उलट उत्तर द्यायचे नाही, असा संकेत आहे.

मराठी रंगभूमीवर हा विदूषक विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सूत्रधाराच्या जोडीने आला. पण महाराष्ट्रातील त्याचा खरा वारस शोधायचा तर तमाशाच्या फडाकडेच जावे लागते. गण-गौळणीनंतरच्या बतावणीत सोंगाड्या उभा राहतो आणि पाटील, सावकार, कोतवाल यांच्यापैकी कोणाचीही गय करत नाही. फडातील बहुतेक कलावंत गावकुसाबाहेरच्या जातींतले. दिवसा ज्याच्यासमोर मान खाली घालायची, त्याचीच रात्री हजार माणसांदेखत फिरकी घ्यायची, ही सवलत हसण्याच्या आडोशानेच मिळत असे. पहाट झाली की ती संपे, हेही विसरून चालणार नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी मात्र हीच हजरजबाबी संवादाची रीत उचलून तिला प्रबोधनाच्या कामाला लावले.

'गाढवाचं लग्न' या वगात दादू इंदुरीकरांनी रंगवलेला सावळ्या कुंभार आपल्या गाढवासाठी थेट राजकन्येला मागणी घालतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला'मधील हवालदारांच्या जोडीने गावोगावच्या जत्रा गाजवल्या. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या राजकारणावर ऐनवेळी शेरे मारत. त्यामुळे तेच नाटक पुन्हा पाहणाऱ्या प्रेक्षकालाही काहीतरी नवे ऐकायला मिळे. सोंगाड्याचे सामर्थ्य या उत्स्फूर्ततेत असते. १९५०च्या दशकात तमाशाची संहिता आधी तपासून घेण्याची अट आली, तेव्हा तिचा खरा काच बतावणीलाच होता. कागदावर लिहून दिलेली बतावणी ही बतावणी राहतच नाही.

पाश्चात्त्य रंगभूमीवर विदूषकाचे पुनरागमन झाले ते निराळ्या वाटेने. झाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला नाट्यशाळा काढली. पुढे एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक करून पुढे येऊन इतरांना हसवायला सांगितले. कोलांट्या झाल्या, कोट्या झाल्या, कोणी हसेना. हिरमुसलेले विद्यार्थी जागेवर परतू लागले, आणि त्या फजितीवर सगळे हसले. लाल नाक हा जगातील सर्वांत छोटा मुखवटा, असे लकॉक म्हणत. त्यामागे लपता येत नाही, उलट माणूस उघडाच पडतो.

हा प्रवाह भारतात रजत कपूर यांच्या नाटकांतून ठळकपणे दिसला. 'हॅम्लेट, द क्लाउन प्रिन्स' (२००८) मध्ये विदूषकांची एक टोळी शेक्सपिअरची शोकांतिका करायला घेते. अर्धे इंग्रजी, अर्धी निरर्थक बडबड, आणि तरी शेवटी प्रेक्षक गंभीर होतो. अतुल कुमार यांच्या 'पिया बहरूपिया'चा (२०१२) बाज नौटंकीचा आहे. लंडनच्या ग्लोब रंगमंचावर त्याचा प्रयोग झाला, तेव्हा शेक्सपिअरचा विदूषक तिथे हिंदीत गात होता.

मराठीत मात्र लाल नाकाची गरज भासली नाही. राजकुमार तांगडे लिखित आणि नंदू माधव दिग्दर्शित 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) या नाटकात शिवरायांना न्यायला खुद्द यम खाली उतरतो. शाहीर साबळ्यांच्या 'यमराज्यात एक रात्र'मधून मराठी प्रेक्षकाला ओळखीचा झालेला यमलोक इथे इतिहासावरचा मालकीहक्क तपासायला वापरला आहे. प्रेक्षागृहात हशा पिकतो तो यमाच्या गोंधळावर. पण प्रश्न रोखलेला असतो तो महाराजांच्या नावाने राजकारण करणाऱ्यांवर.