खनिज तेलातील मेणनिर्मिती

भूगर्भातील उष्णतेत खनिज तेलात विरघळून राहिलेले पॅराफिन मेण तेल थंड होताना स्फटिकरूपाने वेगळे होण्याची क्रिया. हे मेण मुख्यतः 18 वा अधिक कार्बन अणूंच्या सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचे असते. साखळी लांबेल तसा वितळबिंदू चढतो : 18 कार्बनांच्या ऑक्टाडेकेनचा 28° से., तर 30 कार्बनांच्या ट्रायकाँटेनचा सुमारे 66° से. त्यामुळे तेलात मेण किती आहे याइतकेच ते कोणत्या लांबीच्या साखळ्यांचे आहे, यालाही महत्त्व असते.

तापमान हे मुख्य कारण. त्यात दोन टप्पे वेगळे ओळखावे लागतात. पहिले स्फटिक दिसतात ते एक तापमान. तेल वाहायचे थांबते ते त्याच्या बरेच खालचे, ज्याला तेलक्षेत्रात पोअर पॉइंट म्हणतात. मुंबई हायच्या तेलाचा पोअर पॉइंट सुमारे 30° से. आहे, म्हणजे मुंबईच्या हिवाळी रात्रीही ते उघड्यावर थिजेल. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल गोठते, तसेच हे वाटते; पण इथे बहुतेक तेल द्रवच असते. अवघे दोन-तीन टक्के मेण पातळ पापुद्र्यांच्या रूपात एकमेकांत अडकते आणि त्या जाळीत उरलेले सगळे तेल कोंडले जाते.

दाबाचा परिणाम थेट नसतो. विहिरीतून वर येताना दाब उतरतो, तेलातला वायू सुटतो, आणि मेणाला विरघळवून ठेवणारे हलके घटक त्याच्याबरोबर निघून जातात. प्रसरणामुळे तेलही थंड होते. म्हणूनच विहिरीच्या नळीत वरच्या भागात मेण अधिक साचते.

भिंतीवर थर बसण्यासाठी तेल नुसते थंड होऊन भागत नाही. भिंत तेलापेक्षा थंड असावी लागते. या फरकामुळे विरघळलेले मेण भिंतीकडे सरकत राहते. प्रवाह संथ असेल तर तेलाला थंड व्हायला अवधी मिळतो. वेगवान प्रवाह थर खरवडतो, मात्र उरलेला थर अधिक टणक होतो. वाळू व गंजाचे कण स्फटिकांना आधार देतात. साचलेला थर काढण्यासाठी नळातून पिग नावाचे खरवडयंत्र सोडतात.

सर्वांत विलक्षण घटक म्हणजे तेलाचा औष्णिक पूर्वेतिहास. तेच तेल, तेवढेच मेण, तरी आधी ते किती तापले आणि कोणत्या गतीने निवले यावर पोअर पॉइंट बदलतो. पुरेसे तापवले की जुने स्फटिक पूर्ण विरघळतात. अर्धवट तापवले तर उरलेले स्फटिक नव्यांचे बीज ठरून स्थिती उलट बिघडू शकते. तेलातील रेझिने व अ‍ॅस्फाल्टीने स्फटिकांच्या वाढीत शिरून त्यांची जाळी दुबळी करतात, पण तीही तापवल्यानेच नीट विखुरतात. आसामातील नाहरकटिया तेल बरौनीपर्यंत 1,157 किमी. नळाने नेताना या गुणाचाच उपयोग केला गेला. दुलियाजान येथे ते सुमारे 95° से.पर्यंत तापवून नियंत्रित गतीने, शेवटच्या टप्प्यात न हलवता, थंड करत. त्यामुळे नळाला वाटभर उष्णता देण्याची गरज उरली नाही. भारतीय तेल अभियांत्रिकीतील हे काम अधिक ओळखले जायला हवे.

राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील मंगला क्षेत्राचे (शोध 2004, उत्पादन 2009) तेल नाहरकटिया तेलाहून जड मेणाचे, पोअर पॉइंट 40° से.च्या वर. तिथे मार्ग वेगळा निवडला : गुजरात किनाऱ्यापर्यंतचा 600 किमी.हून लांब नळ उष्णतारोधक आवरणाचा असून विजेने सतत तापता ठेवला जातो.

पोअर पॉइंट उतरवणारी बहुवारिक रसायने आता सर्रास वापरतात. ती मेणाच्या स्फटिकांबरोबर स्फटिकत जाऊन त्यांना एकमेकांत गुंतू देत नाहीत. मात्र ती पहिला स्फटिक दिसण्याच्या तापमानाच्या वर, तेल गरम असतानाच मिसळावी लागतात. नंतर घातल्यास जाळी आधीच बांधली गेलेली असते.