वाचता न येणारं पुस्तक

ऑक्टोबर १९८८. बीजिंगच्या एका मोठ्या कलादालनात शू बिंग या ३३ वर्षांच्या चित्रकाराचं पुस्तक मांडलं होतं. निळी वेष्टनं, दोऱ्याची शिवण, अगदी जुन्या चिनी ग्रंथांसारखं. वरून लांबच लांब छापील पट्टे लोंबत होते. लोक वाचायला वाकले आणि थबकले. जाणकार मंडळीसुद्धा ओळखीचं एखादं अक्षर शोधत बसली. एकही नव्हतं! सुमारे ४,००० अक्षरं, सगळी त्याने स्वतः रचलेली, लाकडी ठोकळ्यांवर एकेक करून उलटी कोरलेली. पुस्तकाचं नाव 'तियानशू', म्हणजे आभाळातलं पुस्तक. चिनी बोलण्यात अगम्य लिखाणालाही हाच शब्द आहे.

गंमत बघा. चिनी अक्षर छोट्या छोट्या खुणा जोडून बनतं. खुणा त्याने खऱ्याच घेतल्या, जोडणी तेवढी खोटी. त्यामुळे सारखं वाटत राहतं, आत्ता कळेल. (देवनागरीत हे जमायचं नाही. आपण काहीही जोडलं तरी उच्चार होतोच.)

शू बिंगची आई विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात होती, त्यामुळे वाचता येण्याआधीच तो पुस्तकांत वाढला. पण त्याच्या लहानपणी सरकार अक्षरंच बदलत होतं. १९५६ पासून सोपी अक्षरं आली, १९७७ मध्ये आणखी सोपी केली आणि १९८६ मध्ये ही दुसरी खेप चक्क रद्द केली. म्हणजे काल घोकलेलं आज चूक. मधल्या काळात सांस्कृतिक क्रांतीत जुने ग्रंथ जळाले ते वेगळंच. या पिढीने छापील शब्दावर विश्वास ठेवायचा तरी कसा? तियानआनमेननंतर या पुस्तकावर कडक टीका झाली, आणि १९९० मध्ये तो अमेरिकेला गेला.

मला हे वाचताना आपली मोडी आठवत होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा दप्तरं निघाली, पण मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. ज्या लिपीत शतकानुशतकं आपला कारभार चालला, ती शाळेतून गेली आणि दोन-तीन पिढ्यांत पणजोबांचं खरेदीखत आपल्यासाठी 'तियानशू' झालं. तिथे अर्थच नव्हता, इथे अर्थ आहे आणि वाचणारा नाही. दाखला अडला म्हणून आठवण तरी झाली!

पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, जमेल त्यांनी जरूर करा. आणि घरात माळ्यावर असे कागद असतील तर रद्दीत घालू नका, आधी नीट फोटो काढून ठेवा.