पॉझिट्रॉनियमचे आयुष्य आणि गाठीची ओळख

पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण. दोघे भेटले की नाहीसे होतात (यालाच विलोपन म्हणतात) आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. नेहमीचे पेट स्कॅन या जोडीवरून किरणोत्सारी द्रव्य कुठे साठले एवढेच दाखवते. फ्ल्युओरिन-१८ जोडलेले ग्लुकोज गाठीत साठते, तसे सुजेच्या जागी आणि निरोगी मेंदूतही साठते. ऊतकाच्या रचनेची माहिती मात्र विलोपनाला लागणाऱ्या वेळात असते, आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये ती वायाच जाते. शरीरातील बरेच पॉझिट्रॉन नष्ट होण्याआधी इलेक्ट्रॉनसह पॉझिट्रॉनियम हा अल्पायुषी अणू बनवतात. त्याचे ऑर्थो रूप निर्वातात सरासरी १४२ नॅनोसेकंद टिकते. ऊतकात, रेणूंमधल्या पोकळ्यांत, ते दोन-तीन नॅनोसेकंदांतच संपते. पोकळी लहान असेल किंवा विरघळलेला ऑक्सिजन जास्त असेल, तर आयुष्य आणखी घटते. पोलंडमधील क्राकूच्या यागेलोनियन विद्यापीठातील पावेल मोस्काल यांच्या गटाने २०२१ मध्ये हृदयातील मिक्सोमा या गाठीचे आणि मेदऊतकाचे काढलेले नमुने या आयुष्यावरून वेगळे दाखवले. २०२४ मध्ये ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतील गाठ झालेल्या रुग्णाच्या मेंदूची, या आयुष्यावरून तयार केलेली प्रतिमा प्रसिद्ध झाली. गाठीत हे आयुष्य निरोगी मेंदूपेक्षा कमी आढळले. एका रुग्णावरून निदानपद्धती ठरत नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. शिवाय कालमापन सुरू करण्यासाठी पॉझिट्रॉनच्या जन्माची खूण देणारा आणखी एक गॅमा लागतो. फ्ल्युओरिन-१८ तो देत नाही, गॅलियम-६८ क्वचित देते. स्कँडियम-४४ जवळजवळ दरवेळी देते.