आज्ञापत्रांतील झाडें आणि धनेशाची ढोली

वृक्षरक्षण ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी हौस आहे, असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आजही भेटतात. त्यांनीं करवीर राज्याच्या आरंभींचें एक प्रकरण अवश्य पाहावें. १७१४ सालीं पन्हाळ्यास दुसऱ्या संभाजीराजांची गादी स्थापन झाली आणि पुढें लौकरच, १७१५च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनीं आज्ञापत्र रचलें. त्यांत झाडांची गोष्ट निघते ती आरमाराच्या प्रकरणांत, हें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. पंत हे कांहीं अरण्यांत बसलेले ऋषि नव्हते. शिवछत्रपतींपासून कारभार पाहिलेले मुत्सद्दी होते, आणि गलबतांसाठीं त्यांना लांकूड हवेंच होतें. तरीही त्यांचें सांगणें असें कीं, सागवानादि लांकूड परवानगीनें तोडावें, अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. परंतु आंबा-फणसांस हात लावूं नये. हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि बळानें तोडलीं तर तिच्या दुःखाची झळ राज्यास लागते. एखादें झाड जीर्णच झालें असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मग तें न्यावें.

या आज्ञेंत पक्ष्यांचें नांवही नाहीं. पण काळाचा जो हिशेब पंतांनीं मांडला, तोच धनेश पक्ष्याच्या संसाराला लागू पडतो. धनेशाची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलींत शिरते, दार लिंपून घेते, आणि कित्येक आठवडे नर बाहेरून अरुंद फटींतून तिला फळें भरवितो. एवढी ढोली बेहड्यासारख्या थोराड झाडालाच असते. उलट वड, उंबर, रानजायफळ यांच्या बिया दूरवर टाकण्याचें काम हाच पक्षी करतो. म्हणजे पक्षी झाडाच्या आधारानें राहतो आणि झाड पक्ष्याच्या आधारानें पसरतें.

कोल्हापूरच्या दाजीपूरचें जंगल टिकलें तें मात्र पक्ष्यांच्या प्रेमानें नव्हे. तें छत्रपतींचें शिकारीचें राखीव रान होतें. भोगावतीवरील धरणाचें काम शाहू महाराजांनीं आरंभिलें, तें स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. १९५८ सालीं येथें गव्यांसाठीं अभयारण्य झालें, १९८५ सालीं तें ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविलें, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर वनांबरोबर राधानगरीचेंही नांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें. शिकारीच्या हौसेनें राखलेलें रान गव्याच्या आणि धनेशाच्या कामीं आलें. इतिहासाच्या अशा चेष्टा पुष्कळ आहेत!

पावसाळा लागला कीं आतां तरुण मंडळी रोपें घेऊन डोंगरावर जातात. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. तथापि किती रोपें लावलीं याची जेवढी चर्चा होते, तेवढी कोणतीं लावलीं याची होत नाहीं. मागें सरकारी आणि खाजगी लागवडींत निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचा भडिमार झाला. डोंगर हिरवे दिसले खरे. पण धनेशाच्या चोंचींत पडेल असें एक फळही त्यांवर लागत नाहीं. आणि उंबर, बेहडा लावले तरी त्यांना ढोली धरेपर्यंत लावणाऱ्यांचे नातू म्हातारे झालेले असतील. म्हणून आज उभा असलेला वृक्ष राखणें हें, आमच्या मतें, नवा लावण्याहून आधींचें काम होय.

तें होऊं शकतें. अरुणाचलांतील पक्के अरण्याच्या कडेला २०११-१२पासून न्यीशी गांवकरी धनेशाच्या घरट्यांवर पहारा देतात. लांबचे लोक एकेक घरटें जणूं दत्तक घेऊन त्याचा खर्च पाठवितात. त्या समाजांत धनेशाची चोंच शिरोभूषणांत मिरविण्याची रीत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा पालट किती मोठा तें कळतें. इकडे चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या १९९२ सालच्या संस्थेनेंही वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी थांबविण्यासाठीं खटपट केली.

राधानगरी आणि गगनबावडा या भागांत अभयारण्याबाहेर, मालकीच्या रानांत, जुनीं झाडें अजून आहेत. ठेकेदार तीं उभींच विकत घेतो. प्रथम त्यांची यादी हवी: कोणतें झाड, कोणाच्या शेतांत, ढोली आहे कीं नाहीं, नर तेथें फळें घेऊन येतो कीं नाहीं. एका गांवाची एवढी नोंद दोन शिक्षक आणि शाळेचीं दहा मुलें एका उन्हाळ्यांत करूं शकतील.