६१ हजार शाळा आणि मजुरीचे गणित

शिकलेल्या कामगाराची मजुरी अधिक असते, हे सर्वत्र दिसते. ती शाळेमुळेच अधिक असते, हे सिद्ध करणे मात्र कठीण. सधन घरातील मूल अधिक शिकते आणि त्याला घरच्यांच्या ओळखीने चांगले कामही मिळते. मग श्रेय कोणाचे? नाणेफेक करून निम्म्या मुलांना शाळेबाहेर ठेवण्याचा प्रयोग तर कोणताही समाज करू देणार नाही.

या कोंडीतून वाट सापडली ती इंडोनेशियात. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि सुहार्तो सरकारच्या तिजोरीत पैसा आला. ‘इन्प्रेस’ योजनेखाली १९७८-७९ पर्यंत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. शाळा साध्याच : तीन शिक्षक, १२० मुले. पण वाटपाचा नियम मोलाचा ठरला. जिथे शाळेबाहेरची मुले अधिक, तिथे शाळा अधिक.

एस्थर डुफ्लो यांनी २००१ च्या शोधनिबंधात नेमका याचाच उपयोग केला. १९७४ मध्ये २ ते ६ वर्षांच्या असलेल्या मुलांना नव्या शाळा लाभल्या. १२ ते १७ वर्षांच्या मुलांचे प्राथमिक शाळेचे वय तेव्हा उलटून गेले होते. या दोन गटांतील फरक अधिक शाळांच्या जिल्ह्यांत किती आणि कमी शाळांच्या जिल्ह्यांत किती? थोडक्यात, वजाबाकींची वजाबाकी. जिल्ह्याचे मूळचे मागासलेपण पहिल्याच वजाबाकीत गळून पडते. १९९५ च्या पाहणीतील पुरुषांच्या नोंदींवरून उत्तर निघाले : शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे मजुरीत ६.८ ते १०.६ टक्के वाढ. पडताळा म्हणून, शाळांचा लाभ न मिळालेल्याच दोन वयोगटांची तुलना केली, तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. प्रायोगिक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने दाद द्यावी ती या पडताळ्याला.

भारतीय वाचक डुफ्लो यांना ओळखतात ते अभिजित बॅनर्जी व मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालेल्या २०१९ च्या नोबेलमुळे. त्यांच्या २००४ च्या निबंधाची चर्चा मात्र क्वचितच होते. शिकलेले तरुण कामाच्या बाजारात उतरले, तेव्हा त्याच भागांतील, त्या शाळांत कधीही न गेलेल्या वयस्क कामगारांची मजुरी मागे पडली, असे त्यात आढळले. शाळा ज्या वेगाने वाढल्या, त्या वेगाने यंत्रे आणि कारखाने वाढले नव्हते.