त्रिलोकपुरीच्या कंबरदुखीचा इतिहास

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला मयूर विहार आणि त्रिलोकपुरी एकमेकींना खेटून आहेत. आणीबाणीच्या काळात, 1975 ते 1977 दरम्यान, दिल्लीतल्या झोपड्या पाडून सुमारे 7 लाख माणसांना शहराच्या कडेला हलवले गेले. त्रिलोकपुरी त्यातूनच वसली. वाट्याला जेमतेम 25 चौरस गजांचा तुकडा आला, रोजगार मात्र नदीपलीकडे राहिला. पुढच्या दशकात शेजारी दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या, आणि वस्तीतल्या अनेक बायका तिथे धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक करू लागल्या. त्यांच्या दुखण्याची कारणे या वसवणुकीत आणि कामाला कायद्याने दिलेल्या जागेत शोधायला हवीत.

वाकून फरशी पुसणे, कपडे पिळणे, जिने चढणे हे एकामागून एक घरांत चालते. कंबर, गुडघे, मनगटे धरतात. दुखण्याने झोप मोडते, खाडा झाला की पैसे कापले जातात, काम सुटण्याची धास्ती मन पोखरते आणि खचलेल्या मनाला तेच दुखणे असह्य होते. कारखान्यातल्या कामगारासाठी यावरचे उपाय देशाने केव्हाच शोधले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने औषधोपचार आणि आजारपणातला भत्ता दिला. पण कोणाचे राहते घर कारखाना ठरत नाही, म्हणून घरकामगार या संरक्षणाबाहेर राहिली. घरकामगारांना आठवड्याची विश्रांती मान्य करणारा 2011 चा आंतरराष्ट्रीय करारही भारताने स्वीकारलेला नाही.

कोणी म्हणेल, ताण सदनिकेतल्या नोकरदारालाही असतो. खरे आहे; नैराश्य पगार पाहून येत नाही. पण त्याच्यापाशी बहुधा रजा असते, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारही आणले. जिच्याकडे विमाच नाही, तिला हा हक्क कागदावरच राहतो. शाहदऱ्याला इहबाससारखी सरकारी मानसोपचार संस्था आहे, हा दुसरा आक्षेप. ती आहे हे मोलाचेच; पण तिथे जायचे तर दिवसाची कमाई बुडते, आणि परतल्यावर तेच काम तशाच वाकलेल्या कंबरेने करावे लागते. म्हणून भरपगारी साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाची रजा यांना मालकिणीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. गोळीइतकाच तो उपचार आहे, आणि तो कायद्यानेच मिळाला पाहिजे.