जाड पाय आणि दुखरे पाय

दुबई-शारजातल्या मराठी घरांत पायांच्या सुजेवरचा निकाल ठरलेला असतो. बाईच्या पोटऱ्या संध्याकाळी ठणकायला लागल्या, पाय जड झाले, की ऐकू येतं: वजन वाढलंय, भात कमी कर, रोज चाल. तुझ्या आईचे, मावशीचेही पाय असेच होते, त्यात डॉक्टरांना काय दाखवायचं? आणि अगदीच राहवलं नाही तर सुट्टीत पुण्याला जाऊ तेव्हा दाखवू. हे मत घरात आहे, मैत्रिणींत आहे आणि कित्येक दवाखान्यांतही आहे. ते मायेने सांगितलं जातं, म्हणून त्याला उत्तर देणं जड जातं. तरीही द्यायला हवं, कारण या मतापायी कितीतरी बायका वर्षानुवर्षं विनाकारण उपाशी राहतात आणि वर स्वतःलाच दोष देतात.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. इथलं जगणं बैठं आहे. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, आणि उन्हाळ्यात तर बाहेर चालायची सोयच नाही. वजन वाढतं, वाढलेल्या वजनाने पायांतल्या शिरांवर आणि लिम्फवाहिन्यांवर भार येतो, आणि पाय खरोखरच सुजतात. पण एक कारण खरं आहे म्हणून तेच एकमेव कारण ठरत नाही. शिरांच्या झडपा निकामी झाल्या तरी पाय सुजतात. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या बिघाडानेही सुजतात. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, आणि त्या सुजेवर पाण्याची गोळी फारशी चालत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातून आलेल्या माणसाने तर आपलं गाव डॉक्टरांना आवर्जून सांगावं. त्या भागात हत्तीरोग आढळतो, आणि तो प्रश्न इथल्या डॉक्टरांच्या मनात आपोआप येईलच असं नाही. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठायची. शिरेत गुठळी झाली असेल तर सुट्टीची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

या सगळ्या कारणांत न बसणारा, आणि लठ्ठपणा म्हणून सर्वाधिक हिणवला गेलेला विकार म्हणजे लिपेडेमा, पायांत दुखरी चरबी साठण्याचा. तो नव्या फॅशनचा आजार आहे, हा आक्षेप टिकत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० साली त्याचं वर्णन केलं, आणि १९५१ मध्ये वोल्ड यांच्यासह ११९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. तो जवळजवळ केवळ स्त्रियांना होतो. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना तो सुरू होतो किंवा वाढतो, आणि पुष्कळदा घराण्यात असतो. म्हणजे ‘आईचे पायही असेच होते’ हे वाक्य डॉक्टर टाळण्यासाठी वापरलं जातं. खरं तर डॉक्टरांना सांगायची ती पहिली माहिती आहे.

त्याची खूण आपल्या ओळखीच्या दागिन्यांवरून समजून घेता येईल. लिपेडेमात दोन्ही पाय सारखेच भरतात, पण चरबी घोट्यापाशी थांबते. घोट्यावर, जिथे पैंजण बसतं, तिथे वळी पडते आणि खालचं पाऊल बारीकच राहतं. त्यामुळे जोडवी पूर्वीसारखीच सैल फिरतात. लिम्फ साचून येणाऱ्या सुजेत बहुधा पाऊलही फुगतं आणि जोडवी रुततात. गंमत नाही, शास्त्र आहे: तज्ज्ञ नेमकी तिथलीच, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी असलेली कातडी चिमटीत धरून पाहतो. ती उचलता आली नाही तर लिम्फच्या सुजेचा संशय बळावतो. याला स्टेमरची खूण म्हणतात. जोडव्यांवरून घरी निदान करू नये, पण डॉक्टरांना सांगायला हरकत नाही. तसंच सांगावं की कुर्ता मीडियम लागतो आणि चुडीदार मात्र पोटरीवर अडतो. टेबलाचा कोपरा नुसता घासला तरी काळंनिळं पडतं. मूल मांडीवर बसलं की दुखतं.

हे दुखणं हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. नुसत्या जाड पायांना उपचार लागत नाहीत. लिपेडेमाचे पाय दाबले की दुखतात, आणि आता तज्ज्ञही निदानात वेदनेलाच मुख्य मान देतात. वजनकाटा वेदना मोजत नाही. डाएट केलं की चेहरा, छाती, कंबर उतरते. पाय बहुतेक तसेच राहतात. बाईने पथ्य पाळलं नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणं अन्याय आहे. अर्थात वजन वाढलं की लिपेडेमाही बिघडतो, आणि दोन्ही एकत्र असणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. वजन आटोक्यात ठेवावंच. मात्र ते आकार बदलण्यासाठी नाही, गुडघे आणि चालणं टिकवण्यासाठी.

आणखी एक आक्षेप असा, की रक्ताच्या तपासणीत न दिसणाऱ्या आजाराला तज्ज्ञ तरी काय करणार? अर्धशिशीही रक्तात दिसत नाही. ती आपण नाकारत नाही. तज्ज्ञ हकीकत ऐकतो, हाताने तपासतो, डॉपलर सोनोग्राफीने शिरांचा दोष आहे का ते बघतो. मग मापाचे दाबमोजे, व्यायाम, त्वचेची निगा. इथल्या उन्हात मोजे कोण घालणार, असं विचारतात. पण दिवसाचा बहुतेक वेळ एसीतच जातो, आणि उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढते, म्हणजे गरज इथेच जास्त. इथल्या कितीतरी इमारतींत पोहण्याचा तलाव असतो; पाण्याचा दाब पायांना आधार देतो आणि सांध्यांवर भार येत नाही. मोज्यांची मापं बदलतात, पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. म्हणूनच सुट्टीतल्या दोन-तीन आठवड्यांत पुण्याला हे उरकत नाही.

लायपोसक्शनबद्दल दोन्ही टोकांची मतं मला अमान्य आहेत. तो नुसता नखरा नाही: जर्मनीत २०२० पासून तिसऱ्या अवस्थेतल्या लिपेडेमासाठी सार्वजनिक विम्यातून तो देऊ लागले. पण जाहिरात पाहून कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये थेट शिरणंही चूक. आधी निदान, मग बिनशस्त्रक्रियेचे उपाय, आणि तरीही वेदना राहिली तर हा विचार.

पैशांचं म्हणाल तर अबुधाबी आणि दुबईपाठोपाठ २०२५ च्या जानेवारीपासून उरलेल्या अमिरातींतही खासगी नोकरदारांना आरोग्यविमा सक्तीचा झाला. दुबईच्या मूलभूत योजनेत तज्ज्ञाकडे जायला आधी जीपीची, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरची, चिठ्ठी लागते. सौंदर्योपचार आणि वजन कमी करण्याचे उपचार विम्यातून वगळलेले असणं नेहमीचंच. त्यामुळे जीपीसमोर ‘पाय जाड झालेत’ एवढंच बोलून थांबू नका. किती वर्षांपासून दुखतंय, कुठे दाबलं की दुखतं, काळेनिळे डाग केव्हा पडतात, घरात आणखी कोणाला आहे, हे सांगा आणि चिठ्ठीत लिहून घ्या. चिठ्ठी आहारतज्ज्ञाच्या नावाने निघत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाचीही मागा. इथे जीपी, स्पेशालिस्ट आणि कन्सल्टंट हे परवान्यावरचे वेगवेगळे दर्जे आहेत. अपॉइंटमेंट घेतानाच कोणाची घेतोय ते विचारून घ्या, आणि लिम्फच्या विकारांचे रुग्ण ते पाहतात का, हेही.